रंगाऱ्याच्या घरातली बिनरंगाची पट्टी

मी पट्टी बोलतेय. तिकडे खिडकीकडे नका बघू. खाली बघा, अजून खाली, भिंत संपून फरशी सुरू होते तिथे. खोलीच्या चारी बाजूंनी फिरलेली वीतभर उंचीची लाकडी पट्टी, ती मी. दुकानात मला स्कर्टिंग म्हणतात. घरात काहीच म्हणत नाहीत. भिंतीला झाडूचा, पाण्याचा, खुर्चीच्या पायांचा मार बसू नये म्हणून मी मध्ये उभी असते, आणि मार खाणाऱ्याला कोण हाक मारतो?

माणसं मला चेहऱ्यांनी ठाऊक नाहीत, पावलांनी ठाऊक आहेत. राग टाचेत असतो, काळजी अंगठ्यात. दुपारी ऊन खिडकीतून उतरतं आणि फरशीवरून सरकत सरकत माझ्यापर्यंत येतं. त्याच्यातून धुळीचे कण अलगद खाली येत असतात, कुठेच पोचायची घाई नसल्यासारखे. भिंतीपलीकडून नळाची धार ऐकू येते, कुणाच्या तरी शिवणयंत्राची घरघर ऐकू येते. मग मला गुंगी येते, आणि कालचं कोणतं, दहा वर्षांपूर्वीचं कोणतं, हे सगळं एकमेकांत मिसळतं. तरी जे घडलं ते मला नीट आठवतं. कारण ते माझ्याच अंगावर घडलं.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यातला. रंध्याखालून निघाले तेव्हा पोटाशी एक गाठ उघडी पडली. सुतारानं मला बाजूला ठेवलं. तेवढ्यात एक रंगारी आला. नुकतंच त्यानं दोन खोल्यांचं घर घेतलं होतं.

"ही नको," सुतार म्हणाला. "गाठ आहे हिच्यात. रंगातून वर येईल."

"येऊ दे. गाठीचं काय करायचं ते मी बघतो."

त्यानं मला स्वतःच्या हातांनी बसवलं. कोपऱ्यात दोन तुकडे असे जुळवले की केसही आत शिरू नये. अंगावर प्रायमरचा एक करडा हात दिला, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. मग उठून हात पुसत बायकोला म्हणाला, "पुढच्या रविवारी रंग."

तो रविवार अकरा वर्षं आला नाही.

आळस नव्हता हो त्याचा. त्याला वेळच नव्हता. भिंती काय, कुणीही रंगवायचं. पण दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या कडा, माझ्यासारख्या पट्ट्या, तिथे मात्र याच्याच नावाचा पुकारा. भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये तो अशी रेघ ओढायचा की पाहणाऱ्यानं बोट फिरवून बघावं. संध्याकाळी घरी यायचा तो नखांत लोकांच्या घरांचे रंग घेऊन, आणि मला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. त्याची पाठ ऊबदार असायची. मी म्हणायचे, राहू दे, रविवारी बघू.

त्याची बायको लाँड्रीत इस्त्री करायची. तिचं पाऊल हलकं आणि सरळ. रोज सकाळी ती फरशी पुसून झाली की तेच फडकं पिळून माझ्यावरून फिरवायची, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एकही दिवस न चुकता. तोंडानं काही म्हणायची नाही. फक्त गाठीपाशी, जिथे प्रायमरमधून पिवळा डाग वर आला होता, तिथे तिचं फडकं क्षणभर थांबायचं.

मग एके दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुठल्याशा खिडकीपाशी, रंगाऱ्याच्या हातातून ब्रश गळून पडला.

तो घरी परतला तेव्हा मला पाऊल ओळखूच येईना. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं, मध्ये काठीचं रबर टेकायचं. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. आणि शब्द गेले होते. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, वाट बंद झाली आहे, बोलतं ठेवा. बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रांचे पत्ते दाखवायच्या. हे काय? घड्याळ. हे काय? सफरचंद. तो पत्ता हातात घ्यायचा आणि उलटा करून मांडीवर ठेवायचा. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायचा. हो नाही, भूक तहान, सगळ्याला एकच उत्तर, "हं."

त्याची थोरली बहीण अधूनमधून यायची. तिच्या चपला कर्र कर्र वाजायच्या. मनानं चांगली, पण सल्ला दिल्याशिवाय पाणी न पिणारी.

"वहिनी, त्याची ती रंगाची पेटी डोळ्यांसमोरून हलव गं," ती एकदा स्वयंपाकघराच्या दारात कुजबुजली. तिची कुजबुज तिसऱ्या घरापर्यंत जायची. "बघून बघून जीव जळतो त्याचा. कुणा गरजूला देऊन टाक. आता काय तो ब्रश धरणार आहे?"

"बघते, ताई," बायको म्हणाली.

ताई गेल्यावर तिनं पेटी ओढली, ती अगदी माझ्यासमोर. झाकण उघडलं. ब्रश धुऊन, केस विंचरून, कागदात गुंडाळून ठेवलेले. खाली एक डबा, न उघडलेला. त्याच्या झाकणावर पेन्सिलीनं त्याच्या अक्षरात दोनच अक्षरं होती: घर.

ती बराच वेळ डब्यावर हात ठेवून बसली. मग सगळं परत आत ठेवलं. पेटी मात्र तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. तिनं फरशी पुसली. पण त्या दिवशी फडकं माझ्यावरून फिरलंच नाही. मला नवल वाटलं. मग तिनं खुर्ची माझ्या बाजूला वळवली, त्याच्यासकट. डबा उघडला, वरची रंगाची साय काढली, काडीनं ढवळलं, ब्रश दांड्यापर्यंत बुडवला आणि आली गुडघ्यांवर. रंगाचे थेंब फरशीवर टपटपत होते. ब्रश माझ्या अंगावर, थेट धुळीवर, टेकणार इतक्यात खुर्चीतून आवाज आला.

"अं! अं!"

"काय?" तिनं मान वळवली नाही.

काठी फरशीवर आपटली. एकदा. दोनदा.

"काय झालं? रंगच देतेय ना?"

"धू..." घशात काहीतरी अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. "धूळ."

ब्रश हवेत थांबला. ती तशीच होती, माझ्याकडे तोंड करून, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसला नाही. मला दिसला. तो कसा होता ते मी सांगणार नाही.

"काय म्हणालात?" तिनं शांतपणे विचारलं.

"धूळ! आधी... धूळ."

"असं होय. मला काय ठाऊक बाई," ती म्हणाली. सव्वीस वर्षं रंगाऱ्याशी संसार केलेली बाई हे म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या अंगावर एकेका शब्दानं उतरत होतं. "पूस," तो म्हणाला, आणि तिनं मला साबणाच्या पाण्यानं पुसलं. "घास," म्हणाला, आणि पॉलिश पेपर माझ्या लांबीनं असा फिरला, खसखस, खसखस, की जुनं सगळं पांढऱ्या पिठासारखं खाली पडावं. खिळ्यांच्या भोकांत मऊ लगदा भरला. काठीचं टोक माझ्या डागावर टेकवून तो म्हणाला, "गाठ." मग बराच वेळ शब्द शोधला, कपाळावर घाम आला, आणि सापडला: "चपडा." चपडा म्हणजे लाखेचं पाणी, डाग आत कोंडणारं. त्याचा पातळ थर गाठीवर बसला तेव्हा कळलं, सुताराला दिलेला शब्द हा माणूस विसरला नव्हता. वर प्रायमरचं एक बोट. फरशीच्या कडेनं चिकटपट्टी, नखानं दाबत दाबत.

मग रंग. मोतिया पांढरा.

"थोडा," तो म्हणाला. तिनं ब्रशाचं फक्त टोक बुडवलं. "लांब." तिनं ब्रश ठेवला आणि न थांबता ओढत नेला, ओल्या कडेला ओली कड जोडत. इस्त्री करणारा हात तो. थांबलं की कापड जळतं, हे त्या हाताला कुणी शिकवायला नको होतं. खुर्चीतून काठी आपटली नाही. बऱ्याच वेळानं फक्त एवढं आलं, "हात... चांगला."

"इश्श, आता सांगताय होय?" ती म्हणाली, आणि ब्रश न थांबवता पुढे गेली.

तीन भिंती झाल्या. चौथी खिडकीखालची. ती चहा ठेवायला आत गेली आणि तेवढ्यात तो खुर्चीतून खाली उतरला. उतरला कसला, घसरला. डाव्या हातानं ब्रश उचलला आणि माझ्यावर टेकवला.

तो हात कापत होता. मला त्याची पाठ ठाऊक होती, उजवा हात ठाऊक होता. हा हात नवखा होता. रेघ माझ्यावरून निसटून भिंतीवर चढली, परत येताना फरशीवर उतरली, मध्ये एक जाड ओघळ थरथरत लोंबत राहिला. त्यानं अजून एकदा करून बघितलं. ते आणखी वाईट झालं. मग त्यानं ब्रश फेकला. तो पलीकडच्या भिंतीवर आपटला आणि पांढरे शिंतोडे सगळीकडे उडाले.

ती धावत आली. त्याला खुर्चीत बसवलं, शिंतोडे पुसले, ब्रश धुतला. तो मात्र पुन्हा गप्प. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आता तर "हं" सुद्धा नाही. ओघळ माझ्या अंगावर तसाच वाळत गेला. मला तो जड वाटत होता.

चौथ्या दिवशी ताई आली. भिंत बघितली, फरशी बघितली. "मी म्हटलं नव्हतं? उगाच त्याला छळतेस. आण ती पेटी, मीच घेऊन जाते."

"पेटी इथेच राहील, ताई," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ताईच्या चपला त्या दिवशी चहाआधीच परत वळल्या.

मग ती खाली बसली, मला पाठ टेकून. त्याच्या खुर्चीच्या अगदी समोर.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चौकटींचं कौतुक ऐकलं. लाँड्रीत बायका सांगायच्या, तुझ्या नवऱ्यानं काय रेघ ओढलीय! मी घरी येऊन हा डाग पुसायची. एका शब्दानं बोलले? आज बोलते. तीन भिंती मी केल्या. चौथी तुम्ही बिघडवलीत, आणि वर रुसून बसलाय. बिघडलेल्या कामाचं तुमच्यात काय करतात तेवढं सांगा. नसेल सांगायचं तर मी हे असंच ठेवीन आणि आल्यागेल्याला दाखवीन, हे बघा आमच्या ह्यांचं काम!"

तिची पाठ हलत होती. मला वाटलं रागानं. राग नव्हता तो.

खोलीत ऊन सरकत होतं. शिवणयंत्र बंद पडलं होतं. कितीतरी वेळानं वरून आवाज आला, खरखरीत, बंद दार ओढावं तसा.

"वाळू... दे."

ती थांबली.

"मग घास. मग... परत."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तीन दिवस काय तोंड शिवून बसला होतात?" ती रडत रडत हसली. आणि मी पहिल्यांदाच ऐकलं, तोही हसला. अर्ध्या तोंडानं हसला, पण आवाज पूर्ण होता.

घासायला सरळ रेघ लागत नाही. दुसऱ्या सकाळी तो माझ्यापाशी फरशीवर बसला आणि डाव्या हातानं तो ओघळ घासू लागला. पुढे, मागे, पुढे, मागे. दुखत असणार, कारण मधूनमधून श्वास अडकायचा. ती मदतीला आली तर कोपरानं दूर केली. दुपारपर्यंत ओघळ गेला. त्यानं बोट फिरवून बघितलं, मग तिचं बोट धरून फिरवलं.

मग रंगाचा दुसरा हात तिनं दिला. रंगारी थराला हात म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या दिवशी मला तो शब्द नवीनच वाटला.

रंग ओलसर होता तेव्हाच तो म्हणाला, "पट्टी. मी काढतो." फरशीवरच्या चिकटपट्टीचं टोक त्यानं डाव्या हातात धरलं आणि तिरकं, सावकाश ओढायला लागला. हात कापत होता, पण चिकटपट्टीला त्याचं काही नव्हतं. त्या कापणाऱ्या हाताखालून एक सरळ, धारदार रेघ बाहेर येत गेली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

त्यानं चिकटपट्टीचा बोळा केला आणि तिच्या हातात ठेवला.

लाँड्रीच्या मालकिणीला हे कळलं. तिच्या दुकानाच्या दाराची चौकट पोपडे धरून उभी आहे. आज सकाळी दोघं नवराबायको पेटी घेऊन तिकडे गेली. बायकोचं हलकं पाऊल, त्याचं एक पडणारं, एक घासणारं, आणि जिन्यावरून ऐकू येणारा त्याचा आवाज. शब्द अजून तुटक आहेत, पण सूचना मात्र अखंड. "ऐकलं हो, ऐकलं," ती म्हणत होती.

घर रिकामं आहे. ऊन आता माझ्यापर्यंत आलं आहे आणि माझ्यावर थांबलं आहे. पूर्वी ते माझ्यात मुरून जायचं, आता परत खोलीत उजळतं. मला पुन्हा गुंगी येतेय, म्हणून निरोपाआधी एक सांगते. मी वाळलेली दिसते. हात लावलात तर बोटाला रंग लागणार नाही. पण आतून मी अजून मऊ आहे. रंगारी म्हणतो, पक्की व्हायला महिना जातो. तोवर आमच्याकडे आलात, तर या, बसा, फक्त खुर्ची मागे सरकवताना जरा जपून.