नावाआधीची जागा

"इथे सही करा," साहेब म्हणाले आणि बोटाने जागा दाखवली. जणू सव्वीस वर्षं रक्तपेढीच्या खिडकीत बसलेल्या बाईला सहीची जागा सापडत नसते.

टिंबबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"नाही करत."

साहेब कंपनीकडून आले होते. पेढीचा जुना संगणक, तोच तो काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा, आता निवृत्त होणार होता आणि त्याच्या पोटातली एक्केचाळीस हजार रक्तदात्यांची माहिती नव्या संगणकात न्यायची होती. कागदाचं नाव होतं ‘माहिती स्थलांतर पूर्णता प्रपत्र’. तीनदा भरभर म्हणून बघा, जिभेला गाठ बसते. पेढीच्या टेक्निशियनबाईंनी म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना स्थलांतरसाहेब करून टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता. पन्नाशीकडे झुकलेला, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, आणि दर दोन वाक्यांनी ‘शून्य त्रुटी’ म्हणायची सवय.

प्रपत्रात एकच वाक्य होतं. जुनी सर्व माहिती नव्या प्रणालीत आली असून ती तपासली आहे व बरोबर आहे. खाली टिंबबाईंची सही. ती झाली की जुन्या संगणकाची पाटी पुसायची, कायमची, आणि सोमवारपासून नवा राजा गादीवर.

"एक्केचाळीस हजार नोंदी, शून्य त्रुटी," साहेब म्हणाले. "काय राहिलं सांगा."

"माझी टिंबं राहिली," टिंबबाई म्हणाल्या.

आता ही टिंबं म्हणजे काय, ते सांगायलाच हवं, कारण बाईंचं पाळण्यातलं नाव पेढीत कोणालाच आठवत नव्हतं, ते या टिंबांमुळेच. जुन्या संगणकात रकाने मोजून सहा. नाव, वय, रक्तगट, फोन, पत्ता, शेवटचं रक्तदान कधी आणि कितवं. बस्स. माणूस कसा आहे हे लिहायला तिथे तिळाएवढी जागा नव्हती. बाईंनी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शेऱ्याचा रकाना द्या म्हणून अर्ज केला, चौथ्या वर्षी केला, सातव्या वर्षी केला. उत्तर एकाचंही आलं नाही. मग त्यांनी आपली वाट आपण काढली. नावाच्या शेवटी एक टिंब म्हणजे हा माणूस कधीही हाक मारा, चप्पल पायात घालत घालत येईल. दोन टिंबं म्हणजे सुईला घाबरतो, याच्याशी क्रिकेटचं बोलत राहा. आणि नावापुढे स्वल्पविराम असेल, तर तो येतो येतो म्हणतो आणि येत नाही. स्वल्पविराम सगळ्यांत जास्त होते, हे सांगायला नकोच.

दुर्मिळ रक्तगटाची बाटली तासाभरात हवी असली, की डॉक्टरमंडळी धावत खिडकीशी यायची आणि बाई यादीतल्या टिंबांवरून बोट फिरवायच्या. तिसऱ्या फोनला माणूस हजर. लोकांना वाटायचं बाईंच्या हाताला यश आहे. यश कसलं, टिंब होतं.

नव्या संगणकात नावं आली ती घासूनपुसून, लख्ख. एकाही नावापुढे काही नव्हतं.

"ती फालतू चिन्हं होती," साहेब म्हणाले. "नावात विरामचिन्हं कशाला? आम्ही माहिती आणताना साफ करून आणतो. मागचीपुढची रिकामी जागासुद्धा काढून टाकतो."

बाईंचा हात टेबलावर होता तिथेच थांबला. "पुढची? म्हणजे नावाच्या आधीची?"

"अर्थात."

बाई काही बोलणार, तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या. त्या पेढीच्या प्रमुख. सही झाली नाही म्हणताच त्यांनी चष्मा काढून हातात घेतला, जे लक्षण चांगलं नव्हतं. बाईंना निवृत्तीला चार महिने उरलेत, आता कशाला हे, असं त्या बरंच काही बोलल्या. शेवटचं मात्र नेमकं लागलं.

"पेढीची माहिती तुम्ही तुमच्या खुणांत ठेवलीत. उद्या तुम्ही नसता तर आम्ही काय करायचं होतं? दोष कोणाचा?"

"माझा," बाई म्हणाल्या. "लिहा माझ्या नावावर. तीन अर्ज केले, चौथा करायला हवा होता. पण बरोबर आहे म्हणून सही करणार नाही. बरोबर नाहीये ते."

मॅडमनी सोमवारपर्यंतच्या मुदतीची आठवण करून दिली आणि हेही सांगितलं, की वेळ पडली तर त्या स्वतः सही करतील. दार लागलं. टेक्निशियनबाई नळ्या मोजता मोजता म्हणाल्या, टिंबबाई, आता तुमच्याच नावापुढे पूर्णविराम लागतोय बघा. हसल्या दोघी, पण एकीचं हसू अर्धंच राहिलं.

घरी नवऱ्याला हे सारं कालच दिसलं होतं. पंचवीस वर्षं बस चालवलेला माणूस, पुढचा खड्डा त्याला आधीच कळतो. सकाळी डबा हातात देताना त्याने एवढंच सांगितलं होतं, की भांड हवं तेवढं, पण जेवून भांड, रिकाम्या पोटी तुझा आवाज पिपाणीसारखा निघतो. त्यामुळे साडेबाराला फोन वाजला तेव्हा बाई डबा उघडून बसल्या होत्या.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. त्यांच्या नवऱ्याच्या मोबाइलवर पेढीचा संदेश आला होता. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. मोबाइल त्यांनी चालू ठेवला होता, मुलीला त्यातले फोटो बघायचे असतात म्हणून. ‘आपण बरेच दिवस आला नाहीत. आम्ही आपली वाट पाहत आहोत.’

"मुलगी पळत आली स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या. "म्हणे, बाबांची कोणीतरी वाट बघतंय. मी तुम्हाला कळवलं होतं ना हो तेव्हा?"

"कळवलं होतं," टिंबबाई म्हणाल्या. "मीच लिहून ठेवलं होतं. मला माहीत होतं. यंत्राला माहीत नव्हतं."

फोन ठेवून त्यांनी डबा तसाच झाकला आणि साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. संदेश कोणी पाठवले? साहेबांनी पाठवले होते. नवी प्रणाली आपणहून संदेश पाठवते, त्याची अकरा वाजता चाचणी घेतली होती. चाळीसच पाठवले होते.

"कोणते चाळीस?"

"जुन्या यादीतले पहिले चाळीस. उगाच निवडत कुठे बसायचं?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

जुन्या संगणकात एक नोंद काढली, की पुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक घसरायचे, त्यामुळे काढायला सक्त मनाई होती. मग दाता वारला तर करायचं काय? नावापुढे ‘मृत’ लिहावं, तर खिडकीत उभ्या नातेवाइकाला पडदा दिसतो. बाईंनी नावाच्या आधी एक जागा रिकामी सोडायला सुरुवात केली. माणसाला हलकेच एक पाऊल बाजूला सरकवल्यासारखं. आणि संगणकाच्या बाराखडीत रिकामी जागा ‘अ’च्याही आधी येते. म्हणून रोज सकाळी यादी उघडली, की सगळ्यांत वर गेलेले असायचे. दोनशे बारा माणसं. मग बाकीचे.

त्या रिकाम्या जागा साहेबांनी साफ केल्या होत्या. आणि पहिल्या चाळीसांना, म्हणजे चाळीसच्या चाळीस गेलेल्यांना, वाट पाहत आहोत म्हणून कळवलं होतं.

साहेबांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी खिशातली तीन पेनं काढून टेबलावर ओळीने मांडली, मग परत खिशात ठेवली.

"यादी छापा," बाई म्हणाल्या. "वीस घरं तुम्ही, वीस मी."

"बाई, हे माझ्या कामात बसत नाही."

"टिंबंही माझ्या कामात बसत नव्हती."

फोन करणं म्हणजे काय असतं, ते साहेबांनी त्या दुपारी पाहिलं. एकाने शिव्या घातल्या. एकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. एक म्हातारी म्हणाली, चुकून का होईना, त्याचं नाव कोणी घेतलं तरी. मग तिने विचारलं, तो तुमच्याकडे किती वेळा आला होता? साहेबांनी पडद्यावर बघून सांगितलं, चौसष्ट वेळा. त्यानंतर त्या दिवसात साहेब ‘शून्य त्रुटी’ म्हणाले नाहीत.

आठ फोन झाल्यावर ते उठले आणि मूळ फाइल पुन्हा उघडून बसले. बाईंनी सगळे नियम लिहून द्यावेत, साफसफाईच्या आधी ते वाचून प्रत्येक खूण तिच्या तिच्या रकान्यात घालता येईल, असं म्हणाले. बाईंनी कागद घेतला. सव्वीस वर्षांची हुशारी अर्ध्या पानात संपली, याचं त्यांना जरा नवलच वाटलं, आणि थोडं वाईटही.

टिंबांची सोय लागली, स्वल्पविरामांची लागली. अडलं ते गेलेल्यांपाशी. नव्या संगणकात दोनच पर्याय होते, सक्रिय आणि निष्क्रिय. साहेबांनी दोनशे बारा जणांना निष्क्रिय करायला घेतलं.

"थांबा. चौसष्ट वेळा रक्त दिलेला माणूस निष्क्रिय?"

"तांत्रिक शब्द आहे हो."

"निष्क्रिय माझा दीर आहे. दिवसभर कॉटवर पडून कूस बदलायला बहिणीला हाक मारतो. हे गेलेत. ‘गेले’ लिहा."

तिसरा पर्याय घालायचा तर वरून परवानगी लागते, साहेब म्हणाले. मागा, बाई म्हणाल्या. वेळ लागेल. लागू दे, मी चार महिने आहे. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन लावला. वरच्या माणसाशी ते दारामागे जाऊन बोलले, पण ‘नाही, तोच शब्द हवा’ एवढं बाहेर ऐकू आलं.

शनिवारी चार वाजता प्रपत्र पुन्हा टेबलावर आलं. बाईंनी नव्या संगणकात ‘गेले’खाली आलेली दोनशे बारा नावं एकेक करून तपासली होती, मग टिंबं, मग स्वल्पविराम. पेनाचं टोपण काढून त्यांनी आधी छापील वाक्यावर आडवी रेघ मारली. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘माहिती पहिल्यांदा चुकीची आली. चाळीस घरांना त्रास झाला. आता माझ्या समोर दुरुस्त केली.’ आणि खाली सही केली.

मोठ्या मॅडमनी ते दोनदा वाचलं. छापील प्रपत्रात खाडाखोड चालत नाही, असं त्या म्हणाल्या.

"मग मॅडम, छापताना खरं छापायला सांगा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खण उघडून पेढीचा शिक्का काढला, शाईवर दाबला आणि बाईंच्या अक्षराला लागणार नाही अशा बेताने खाली उमटवला.

यादीतली दोन घरं अजून उरली होती, तीन दिवस कोणी फोन उचलत नव्हतं म्हणून. दोन्ही बाईंच्या वाट्याची. त्या फोनकडे वळल्या, तर साहेबांनी तो आधीच उचलला होता. ते उभे राहून बोलत होते, दुसरा हात उगाचच शर्टाच्या गुंड्यांवरून फिरवत.

"नमस्कार, रक्तपेढीतून बोलतोय. नाही, काम काही नाही. माफी मागायची होती."