उडी न मारलेली बहीण

रविवारी सकाळी शाहिराची बहीण स्वतःच्याच फोटोवरची धूळ पुसत होती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसा या फोटोला घरात मोठा मान होता. जिचा तो फोटो होता, तिला मात्र पाहुणे आले की कोठीच्या खोलीत जावं लागे.

झालं असं की नवरा गेल्यावर ही बाई भावाच्या आश्रयाला आली. शहर नवं, तिला ओळखणारं कोणी नाही. त्याच सुमारास शाहिराने एक गाणं रचलं: नवरा गेल्याची बातमी कानावर पडताच तरुण बायको नदीत उडी घेते. लोक ढसाढसा रडले. कोणीतरी विचारलं, "शाहीर, ही तुमचीच बहीण का हो?" शाहीर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याने फक्त डोळे पुसले. लबाडीला एवढंसुद्धा पुरतं. मग फोटो टांगला गेला, आणि शेजाऱ्यांना सांगितलं गेलं की स्वयंपाकाला बाई ठेवलीये.

"दादा, मी उद्यापासून दुकानात जाणार," फडकं झटकत बहीण म्हणाली. शाहिराच्या कोटाचं अस्तर तिने शिवलं होतं. ती शिलाई पाहून कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी काम देऊ केलं होतं.

"वेड लागलंय का तुला? तू मेलीयेस," चहा पीत शाहीर म्हणाला. "कोणी ओळखलं तर मी तोंड कुठे लपवू?"

"माझं लपवतोस तिथेच."

"वन्सं, दोन वेळचं मिळतंय ना?" वहिनी म्हणाली. "कशाला नसती उठाठेव?"

दुपारी गायन मंडळाचे अध्यक्ष चार प्रतिष्ठित मंडळींना घेऊन आले. नदीकाठी त्या थोर बहिणीच्या नावाचा दगड बसवायचा होता. जिवंत विधवेला यांच्यापैकी एकानेही कधी साधी खुर्ची दिली नसती. मेलेलीसाठी मात्र संगमरवर हवा होता. शाहिराने डफ उचलला. पहिल्याच कडव्याला अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी रुमाल काढला.

"अशा बायका आता कुठे राहिल्या," अध्यक्ष हुंदका देत म्हणाले. "नाहीतर या हल्लीच्या. नवरा गेला तरी खातात, पितात, जगतात."

कोठीत पिठाच्या डब्याला टेकून बसलेल्या बाईने हे ऐकलं. आपण कुणाच्या रडण्यासाठी लपून बसलोय, हे तिला आता पुरतं कळलं. तिने दार उघडलं, ती थेट भिंतीपाशी गेली आणि फोटो खाली काढला.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "उद्यापासून मी शिवणकामाला जातेय. रस्त्यात दिसले तर दचकू नका."

शाहिराचा हात डफावरच थांबला. सौभाग्यवती फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"म्हणजे तुम्ही उडी मारलीच नाहीत?" त्यांच्या आवाजात चक्क तक्रार होती.

"नाही. त्या दिवशी घरात माणसं जमली होती. त्यांचा स्वयंपाक कोण करणार होतं?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाई, निदान गाणं तरी पुरं होऊ द्यायचं होतंत."

ती पुढच्या दाराने बाहेर पडली. शिंपीणबाईंनी दुकानामागची खोली तिला राहायला दिली.

गाणं बंद पडलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही लोकांना ओळखत नाही. शाहिराने शहर बदललं, नदी बदलली आणि तेच गाणं तो गात राहिला. ते फिरत फिरत या शहरातही परत आलं. एकदा दुकानात एक बाई झंपराचं माप द्यायला आली. ती तेच गाणं गुणगुणत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"किती पवित्र बाई असेल नाही?" ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंय का हे गाणं?"

"ऐकलंय," शाहिराची बहीण म्हणाली आणि तिने माप घ्यायची फीत उलगडली. "हात वर करा."