काही दिवसांसाठी

“प्रार्थनेत सोनमचं एवढंच म्हण, आक्का. काही दिवसांसाठी माह्यारी आली हाय. म्हंजी खोटंबी न्हाई, आन...” अण्णांनी पुढचं वाक्य सोडून दिलं आणि परातीतली एक करंजी उचलून तोंडात टाकली.

भामाआत्या चाकानं करंज्यांच्या कडा कापत होत्या. त्यांचं चाक थांबलं नाही. मी कढईपुढे उभी होते. तेल तापलेलं होतं, त्यामुळे मान वळवता येत नव्हती, पण कान तिकडेच होते. आत्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. अण्णांनी दुसरी करंजी घेतली आणि काम झालं असं समजून ते बाहेर गेले.

अण्णा म्हणजे माझे सासरे, अर्जुना. भामाआत्या त्यांची थोरली बहीण, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. आणि सोनम ही अण्णांची मुलगी, माझी नणंद. पुण्याला दिली होती. दिवाळीच्या आधी कोर्टाचा निकाल लागला आणि तिची फारकत झाली. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, भावकीत कोणालाच नव्हतं.

आता नाताळ दोन दिवसांवर आला होता, आणि आमच्याकडे नाताळ म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही.

मी मलकापूरची. माझ्या माहेरी नाताळ म्हणजे सकाळची उपासना, शेजारीपाजारी फराळाची ताटं, आणि दुपारी मटण जेवून ताणून द्यायची. लग्न होऊन सांगलीला आले आणि पहिल्याच वर्षी कळलं की इथे जेवणाआधी सगळ्या वर्षाची म्हणून एक प्रार्थना असते. आजेसासरे जतकडचे, मेंढरं राखणारे. कुठल्याशा दुष्काळात ते ख्रिस्ती झाले. धर्म घेतला, पण नावं सोडली नाहीत. म्हणून आमच्या घराण्यात पौल किंवा पेत्र कोणी नाही. अर्जुना आहेत, मल्हार आहेत, भामाबाई आहेत, आणि चर्चमध्ये बदलून आलेल्या प्रत्येक पाळकसाहेबांना हे नव्यानं समजावून सांगावं लागतं.

तर या आजेसासऱ्यांनी ही पद्धत पाडली. नाताळाच्या दुपारी सगळी घरं एकत्र जमायची, डोळे मिटायचे, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं वर्षभराची प्रत्येक घराची खबर देवाला सांगायची. कोणाला मूल झालं, कोण गेलं, कोणाला नोकरी लागली, कोणाच्या पोटाचं ऑपरेशन झालं. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं हे मला मान्य आहे. पण भावकीला ठाऊक नसतं ना. आणि प्रार्थनेत कोणी मध्ये बोलू शकत नाही, का आणि कसं विचारू शकत नाही. आमेन झाल्या झाल्या मटणाच्या पातेल्यावरचं झाकण निघतं आणि सगळे तिकडे वळतात. त्यामुळे प्रार्थनेत जे आलं ते घराण्यानं मान्य केलं असं धरायचं. जे आलं नाही ते घडलंच नाही.

आजेसासरे गेल्यापासून ही प्रार्थना आत्या करतात. डिसेंबर लागला की त्यांचा फोन वाजायला लागतो. साताऱ्याचे नाथाजीभाऊ, जतचे मल्हारकाका, सगळे आपापली खबर नोंदवतात आणि वर लकडाही लावतात. एका वर्षी मल्हारकाकांनी आपल्या बोअरला लागलेलं पाणी नाथाजीभाऊंच्या नव्या गाडीच्या आधी सांगावं म्हणून तीनदा फोन केला होता. आत्यांनी गाडी आधी सांगितली. मल्हारकाका त्या दिवशी भात न घेता उठले.

आत्यांना खबर सांगण्याची सवय जुनी. त्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या, केस पांढरे होईपर्यंत. बाळ पुसून, गुंडाळून बाहेर आणायचं आणि ताटकळलेल्या माणसांना सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की मुलगी झाली असली तर आवाज पाडायचा नाही. मुलगा झाला म्हणून जेवढ्या आवाजात सांगतो तेवढ्याच आवाजात सांगायचं. आपण आवाज पाडला की आजी रडायला लागते, आणि एकदा आजी रडली की ते घर त्या पोरीला बघून वर्षभर रडतं. बऱ्याचदा बाहेरच्या माणसाला तोंड कसं करायचं ते ठरवता येत नसतं, तो आपल्या तोंडाकडे बघून ठरवतो, असं त्या म्हणायच्या.

आत्यांची स्वतःची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली, त्या होत्या तेव्हा. आत्यांना साताऱ्याला दिलं होतं. वर्षाच्या आत त्या एक पत्र्याची पेटी घेऊन परत आल्या. का आल्या ते सासूबाईंनाही नीट माहीत नव्हतं. त्या नाताळाला आजेसासऱ्यांनी प्रार्थनेत सांगितलं की आमची भामा काही दिवसांसाठी माहेरी आली आहे, त्याबद्दल तुझे उपकार मानतो. झालं. त्यांनी लेकीची अब्रू झाकायला म्हणून ते सांगितलं असणार. पण प्रार्थनेत आलेलं वाक्य कोण मोडणार? पुढची कितीतरी वर्षं जो तो आत्यांना विचारायचा, मग कवा जाणार? दुसरं लग्न बघायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण पहिलं मोडलं असं कोणी म्हटलंच नव्हतं. सासरचा माणूस पुढे मरूनही गेला म्हणे. आत्यांना ना सवाष्ण म्हणून बोलावणं आलं, ना विधवा म्हणून कोणी सांत्वनाला आलं.

ती पेटी अजून त्यांच्या खाटेखाली आहे. अण्णांनी त्यांच्या खोलीत भिंतीतलं कपाट करून दिलंय. पण आत्यांच्या साड्या पेटीतच असतात. मी दोनदा म्हटलं, आवं आत्या, कपाट रिकामं हाय. त्या म्हणाल्या, राहू दे, वाकायची सवय हाय.

अण्णा वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. बहिणीला त्यांनी कधी एक शब्द लागू दिला नाही. मोतीबिंदू काढला तेव्हा तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपले. सोनमवर तर त्यांचा जीव. पण निकाल लागल्यापासून त्यांनी चर्चच्या मंडळीच्या सभांना जाणं बंद केलं होतं, कोणी विचारेल म्हणून. वडिलांनी जे केलं तेच त्यांना सुचलं. त्याचं काय झालं ते डोळ्यांपुढे, मागच्याच खोलीत राहत होतं, तरी त्यांना दिसलं नाही, याचा मला राग यायचा.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर नाताळची चांदणी लावत होतो. माझा नवरा उदयसिंह वायर ओढत होता, मी आणि सोनम बांबू धरून होतो, आत्या खुर्चीवर बसून चांदणी तिरकी आहे असं सांगत होत्या. उदयसिंह खाली बल्ब आणायला गेला तशी सोनम म्हणाली, “आत्या, तू सांगून टाक. एकदा प्रार्थनेत आलं की संपलं. न्हाईतर मला जन्मभर एकेकाला सांगत बसावं लागंल.”

“तुझा बाप नको म्हणतोय.”

“आन तू?”

आत्यांनी चांदणीकडे बघितलं. मग म्हणाल्या की त्याच्या घरात मी राहते, सोनम. एवढंच. सोनमनं बांबू सोडून दिला आणि मला तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

नाताळाच्या दिवशी उपासनेहून आलो तेव्हा जतची जीप दारात उभी होती. मल्हारकाकांनी घरचं बोकड कापून आणलं होतं, वर जोंधळ्याचं एक पोतं. पोतं ठेवायचं कुठे हा मला प्रश्न, कारण स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी ते जिन्याखाली लोटलं. त्यांचा मुलगा शिवतेज फौजेत भरती झाला होता, केस बारीक कापून आला होता, आणि सगळे त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते. साताऱ्याची माणसं आली. गच्चीवरचा मांडव भरला.

सोनम पाण्याचे पेले वाटत फिरत होती. मल्हारकाकांच्या बायकोनं, धोंडुबाईकाकूंनी, पेला घेता घेता विचारलं, “किती दिवस हाईस गं?”

“बघू,” सोनम म्हणाली.

“जावईबापू न्हाई आलं?”

सोनमनं तोंड हसरं ठेवलं आणि पुढच्या माणसाला पेला दिला. काकूंनी वाईट हेतूनं विचारलं नव्हतं, त्या सगळ्यांनाच विचारतात. पण आत्या त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी सोनमकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

मग अण्णांनी टाळी वाजवली. पोरं गप्प झाली. आत्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, म्हणजे अर्धे.

आत्यांची प्रार्थना सुरू होते तेव्हा पुस्तकातली असते आणि हळूहळू आपल्या बोलीवर येते. हे स्वर्गातील बापा, म्हणून त्यांनी सुरुवात केली. नाथाजीच्या घरी नात झाली, तिला दोन्ही वेळचं दूध मिळू दे. साताऱ्याचं घर बांधून झालं, त्यात भांडण येऊ देऊ नको. धोंडुबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आता जिना चढते. शिवतेज फौजेत गेला, जिथं पाठवतील तिथनं त्याला परत आण. मल्हारकाका मोठ्यानं होय प्रभू म्हणाले. मग आमचं घर आलं. उदयसिंहाला बढती मिळाली, राणीच्या, म्हणजे माझ्या, हाताला चव दिलीस. आणि आत्या थांबल्या.

मी डोळे उघडले. अण्णांची मान खाली होती आणि हात गुडघ्यावर घट्ट धरलेला होता. सोनम जिन्याच्या दाराशी रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती.

“सोनमची फारकत झाली, बापा,” आत्या म्हणाल्या. शिवतेजची खबर ज्या आवाजात सांगितली त्याच आवाजात. “कोर्टानं निकाल दिला. ती आता हितंच राहणार हाय, आपल्या घरात. काही दिवसांसाठी न्हाई. ती बरी हाय, जेवती, मार्केट यार्डात कामाला जाती. तिच्या कामाला यश दे.”

मांडवात कोणीतरी श्वास घेतला तो ऐकू आला. आता आमेन येणार म्हणून पोरांनी डोळे किलकिले केले. आमेन आलं नाही.

“आन एक खबर सांगायची राहून गेलीया. लय जुनी हाय. आमच्या बानं तवा तुला सांगितलं की भामा काही दिवसांसाठी आली हाय. तसं नव्हतं. तो मारायचा. मी परत जाणार नव्हते, राहायलाच आले होते.” आत्यांनी खुर्चीवरचा हात बदलला. “तुला ठाव हाय सगळं. ह्यांनी ऐकलं नव्हतं. प्रभू येशूच्या नावानं मागते.”

एरवी आमेन पोरांचंच मोठं असतं, जेवणाच्या घाईनं. त्या दिवशी पोरंही मोठ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, कोणीच म्हणणार नाही, आणि ही बाई अशीच उभी राहील. माझ्या ओठांवर आमेन आलं होतं, पण सुनेनं आधी म्हणायचं का, याच विचारात मी अडकले.

“आमेन,” अण्णा म्हणाले. आवाज फुटला होता. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

मग सगळे म्हणाले. पातेल्यावरचं झाकण निघालं, वाफ आली आणि पंगत बसली. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं. अण्णा स्वतः वाढायला उठले. आत्यांच्या पानात मटण वाढताना ते जरा जास्त वेळ वाकून राहिले. आत्या म्हणाल्या, “बास, अर्जुना, दात न्हाईत मला.” ते तसेच पुढे सोनमच्या पानाकडे गेले आणि तिलाही जास्तच वाढलं.

निघताना धोंडुबाईकाकूंनी जीपमध्ये चढण्याआधी सोनमला जवळ ओढलं. हुरडा निघाला की ये म्हणाल्या, चार दिवस राहा जतला, मग तुझे काका तुला घरी आणून सोडतील. सोनम हो म्हणाली. जीप वळेपर्यंत ती फाटकात उभी होती, आणि आत येऊन स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी राहून खूप रडली. मी तिला रडू दिलं. भांडी घासत राहिले.

सकाळी मी चहा घेऊन आत्यांच्या खोलीत गेले. त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं होतं आणि कप्प्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरत होत्या. साड्यांच्या घड्या खाटेवर होत्या. पेटी खोलीच्या मधोमध, रिकामी, झाकण उघडं. तळाला गंज चढला होता.

“राणे,” आत्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “जोंधळ्याचं पोतं जिन्याखाली ठिवलंयस. उंदरं लागतील.”

मी म्हटलं, ठेवायला जागाच नाही.

“ह्यात निम्मं बसंल. जा घिऊन.”

मी चहा कपाटाशेजारी ठेवला आणि पेटीची एक कडी धरली. दुसरी आत्यांनी धरली.