एकोणपन्नास टाके

"बळीरामभाऊ, हे बाळाला पांघरायचं हाय का दारात पाय पुसायला टाकायचं?"

प्रिस्काने तो वीतभर विणलेला तुकडा टेबलावर टाकला आणि तोंडाला पदर लावला. हसू काही पदराआड मावेना. बळीराम मान खाली घालून समोर बसला होता. बासष्टाव्या वर्षी एखाद्या बाईकडून गृहपाठ तपासून घ्यायची वेळ आपल्यावर येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण अडला हरी, त्याला इलाज नव्हता.

"लोकर कडक निघाली," तो पुटपुटला. "विरारच्या दुकानदाराने फसवलं."

"लोकर कडक? नाचता येईना अंगन वाकडं!" प्रिस्काने तुकड्यात बोट घालून पाहिलं. बोट जाईना. "गळा आवळल्यासारखा एकेक टाका आवळलाय तुमी. आनि मी साबुदाना वीन शिकवली, हे काय काढलंत? ह्या उभ्या खाचा कुठनं आल्या?"

खाचा कुठून आल्या हे बळीरामला सांगता येत नव्हतं, पण त्या बघून त्याला घरच्यासारखं वाटलं होतं एवढं खरं. चाळीस वर्षं त्याने पंपाच्या मोटारी भरल्या होत्या. जळलेली मोटर आली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपटायची, खाचा घासून साफ करायच्या आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून त्यात भरायची. वेढा ढिला राहिला की मोटर गुणगुणते, गुणगुणली की तापते आणि तापली की पुन्हा जळते. त्यामुळे हाताला एकच विद्या ठाऊक होती, ती म्हणजे ओढून घट्ट बसवणं. वसईच्या वाड्यांमधून केळी आणि फुलझाडं शिंपणाऱ्या कितीतरी मोटारी बळीरामने भरलेल्या होत्या. खुद्द प्रिस्काच्या बावखलावरची, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरची मोटर त्याने तिच्या लग्नाच्या साली भरली होती, आणि ती अजून पाणी खेचत होती. म्हणूनच चर्चच्या वेदीवरच्या चादरींना जाळी विणणारी ही बाई, गावभरच्या पोरींना "वेळ नाय" म्हणून परत पाठवत असली, तरी याला नाही म्हणाली नव्हती.

"टाके किती घातलेत?" तिने विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"मी एकोनपन्नास सांगितले होते ना?"

"एकोनपन्नासची मोटर नसते," बळीराम म्हणाला. "चोवीस खाचा, छत्तीस खाचा, अठ्ठेचाळीस खाचा. विषम आकडा कधी बघितला नाय मी. मला वाटलं तुमी चुकून बोललात."

प्रिस्का आता मनसोक्त हसली. मग चष्मा पुसून तिने त्याला कारण समजावलं. एक सुलट, एक उलट असं विणत जायचं. टाके सम असले की परतीच्या ओळीत सुलटावर सुलट आणि उलटावर उलट येतं, म्हणून उभ्या खाचा पडतात. एक टाका जास्त असला की सुलटावर उलट बसतं आणि दाणा उठतो. "तो एकटा टाका लागतोच, भाऊ. त्याच्याबिगर साबुदाना होत नाय."

बळीरामने मान डोलावली. यंत्राचं कारण कळलं की त्याचं समाधान होत असे.

हे सगळं सुरू झालं एका फोनपासून. तेजस्वी, त्याची एकुलती एक मुलगी, विरारला दिलेली. तिला सातवा लागला तेव्हा तिच्या सासूबाईंचा, वसुंधराबाईंचा फोन आला. "व्याही, पहिलं बाळंतपण माहेरी करतात हे मान्य. पण आपण आमच्याकडेच करू. तुमच्याकडे बघणार कोण?"

बाई वाईट नव्हती. बोलली त्यात खोटंही काही नव्हतं. बायकोला, जयवंतीला, जाऊन सात वर्षं झाली होती आणि घरात बळीरामशिवाय होतं कोण? तो "बरोबर हाय, विहीणबाई" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्याला फार लागलं होतं. बाईमाणूस गेलं म्हणजे माहेरसुद्धा गेलं, हे कुणी एवढ्या सरळपणाने त्याला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

थोरली बहीण कृष्णाबाई चांदीपहून समजूत घालायला आली. "बाळंतविडा तेवढा आपल्याकडनं गेला पायजे. झबली, टोपडी, दुपटी. मी बाजारातनं तयार आनते. पुरुषमानसाला कोन विचारतंय?"

"तेजूच्या वेळी जयवंतीच्या आईने हाताने केला होता," बळीराम म्हणाला.

"ती बाई होती रे."

"मला हात नायत?"

कृष्णाबाई जाताना बजावून गेली, "करायचं ते कर, पन पोर पोटात असताना काही करून ठेवायचं नसतं. बाळ हातात आल्याशिवाय नाय."

बळीराम रूढी मोडणारा नव्हता, पण पळवाट शोधणारा जरूर होता. विणून उसवलं तर ते केलं असं धरत नाहीत, असा त्याने स्वतःपुरता निकाल दिला. दोन महिने तो सकाळी विणायचा आणि संध्याकाळी उसवायचा. एकच गुंडा इतक्या वेळा उसवला गेला की मांजराने चघळल्यासारखा दिसायला लागला. सुयासुद्धा त्याने घरीच केल्या. मोटारीच्या खाचांत दाबायला बांबूच्या काड्या तासायची सवय होतीच, त्याच हाताने करंगळीएवढ्या जाड दोन सुया तासल्या आणि पॉलिशपेपरने अशा गुळगुळीत केल्या की प्रिस्काने त्या मागून घेतल्या. त्याने तिला दुसरी जोडी करून दिली.

हात मात्र सैल होईना. प्रिस्का समोर बसून बजावायची, "सोडा, भाऊ, सोडा. ही तार नाय. हिच्यात हवा ऱ्हायली पायजे. हवा असली की ऊब असते." तो सोडायचा, दोन टाके जायचे, आणि तिसऱ्याला बोटं आपोआप ओढायची. शेवटी त्याने एक युक्ती काढली. विणताना तो मोठ्याने बोलायला लागला. तोंड बोलण्यात गुंतलं की हात ओढायचे विसरत. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तो जयवंतीशी बोलायचा. वाडीतल्या फणसाबद्दल, लाईटबिलाबद्दल, असंच काहीबाही. पोस्टमनने एकदा ते ऐकलं आणि पत्र न देताच परत गेला.

तेजस्वी बाळंत झाली. मुलगी. बळीराम दवाखान्यात गेला, काचेसारखी नाजूक नखं बघून आला आणि परतताना विरारच्या त्याच दुकानात नवी लोकर घ्यायला थांबला. पिकल्या राजेळी केळ्याचा पिवळा रंग, आणि धागा पेन्सिलीएवढा जाड. बाराव्या दिवशी बारसं. घरी येऊन हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि एकोणपन्नास टाके घातले.

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. पांघरूण गुडघ्यांवरून खाली लोंबायला लागलं. दाणे असे टपटपीत उठले होते की हात फिरवावासा वाटे, आणि बळीराम तो येता-जाता फिरवतही असे. नवव्या दिवशी सकाळी त्याने बहात्तरावी ओळ संपवली, पांघरूण पलंगावर पसरलं आणि प्रिस्काला हाक मारली. ती बघत होती तेवढ्यात त्याचाच हात एका जागी थबकला. एकतिसाव्या ओळीत दोन बोटांएवढी जागा चपटी होती. एकदा लागोपाठ दोन सुलट पडले होते आणि जरा पुढे लागोपाठ दोन उलट. चूक चुकीने भरून निघाली, टाके बरोबर आले आणि त्याला पत्ता लागला नाही.

"काही नाय एवढं," प्रिस्का म्हणाली. "मला पन दिसलं नव्हतं. पोर त्यात गुंडाळली की कोन बघतंय? तीन दिस ऱ्हायलेत. देव पन एवढं माफ करतो."

बळीराम त्या चपट्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मोटर भरल्यावर वर झाकन बसतं, प्रिस्काबाय," तो म्हणाला. "आत कोन बघतं? कोनीच नाय. म्हनून तर आत नीट भरायची."

आणि त्याने सुई काढून घेतली. धाग्याचं टोक ओढलं तशा ओळी भराभरा सुटत गेल्या. बेचाळीस ओळी, म्हणजे पाच दिवसांची मेहनत, दहा मिनिटांत जमिनीवर ढीग होऊन पडली. प्रिस्का कपाळाला हात लावून बघत राहिली. मग खाली बसली आणि सुटलेला धागा गुंडाळायला लागली. "चर्चच्या चादरीला मी पन असंच केलं असतं," ती गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "तुमाला सांगितलं नाय एवढंच."

बारशाच्या दिवशी सकाळी साडेसातला शेवटचा टाका बंद झाला. नव्वद ओळी. बळीरामने इस्त्रीचा शर्ट घातला. पांघरुणाची घडी नव्या पिशवीत ठेवली आणि रिक्षात ती पिशवी कृष्णाबाईच्या हातातही दिली नाही.

विरारच्या फ्लॅटमध्ये बायकांची दाटी झाली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, घुगऱ्यांचा वास सुटला होता. नाव ठेवून झालं, उन्नती. कुणीतरी मावशी म्हणाली, "अगं, माहेरचा बाळंतविडा दाखवा की!" मग तेजस्वीला आई नाही हे लगेच तिलाच आठवलं असावं, कारण तिने जीभ चावली. कृष्णाबाईने तयार आणलेली झबली-टोपडी ताटात मांडली. शेवटी बळीरामने पिशवीत हात घातला.

पिवळं पांघरूण उलगडलं तशा बायका पुढे सरकल्या. वसुंधराबाईंनी ते हातात घेतलं. त्या बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाई, कुठलीही गोष्ट उलटसुलट तपासल्याशिवाय सोडत नसत. त्यांनी कडा बघितल्या, मागची बाजू बघितली, दाण्यांवर तळवा दाबून सोडला. दाणे पुन्हा वर आले.

"छान आहे हो. कुठल्या दुकानातून घेतलंत?"

"घरी केलंय," बळीराम म्हणाला.

सगळ्या माना कृष्णाबाईकडे वळल्या. कृष्णाबाईने पदर सावरला, आणि सबंध आयुष्यात भावाबद्दल बोलली नसेल इतक्या तोऱ्यात बोलली, "माज्याकडे काय बघता? मला सुई धरता येत नाय. माज्या भावाने केलंय ते. ह्या हातांनी."

तेजस्वी पाटावरून उठून बापाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. "बाबा, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही!"

"बटन अजून नाय येत," बळीराम म्हणाला.

बायका हसल्या. वसुंधराबाई मात्र हसल्या नाहीत. त्या अजून ओळींवरून नजर फिरवत होत्या. "एवढ्यात एकही टाका चुकलेला नाही," त्या म्हणाल्या.

"चुकला होता, विहीणबाई. काढला."

वसुंधराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तांब्याच्या तारेने चिरलेल्या बोटांकडे पाहिलं. मग नातीला पाळण्यातून उचललं, त्या पांघरुणात नीट गुंडाळलं आणि आपल्या हाताने बळीरामच्या हातात दिलं. मोटारी उचलणाऱ्या हातांना एवढं हलकं वजन सांभाळायची सवय राहिली नव्हती.

"सव्वा महिना झाला की न्यायला या दोघींना," वसुंधराबाई म्हणाल्या. "महिनाभर राहू देत माहेरी. आणि रिक्षाने नको हं व्याही. गाडी करून या."

"येतो," तो म्हणाला.

दुपार कलायच्या आत बळीराम वसईला परतला. शर्ट बदलला नाही, चहा टाकला नाही. सात वर्षं बंद असलेली आतली खोली उघडून खिडक्या सताड केल्या, स्टूल ओढून तुळईखाली ठेवलं आणि वर चढला. तेजस्वीचा पाळणा टांगलेला हूक अजून तिथेच होता, दोन-तीन रंगांच्या थरांखाली बुजलेला. त्याने चाकूने रंग खरवडून काढला, लोखंड दिसेपर्यंत. मग दोन्ही हातांनी हूक धरला, पायाने स्टूल बाजूला सारलं आणि बासष्ट वर्षांचा बळीराम आपलं सगळं वजन टाकून त्याला लोंबकळला.

हूक जरासुद्धा हलला नाही.

"धरतोय," तो जयवंतीला म्हणाला.