अल्पशा आजाराने

माझ्या बहिणीला मी इथं ओनिता म्हणते. तिचं नाव वेगळं होतं. ते का सांगत नाही, ते पुढं कळेलच.

शनिवारी सकाळी दहा ते अकरा मी रेडिओवर बोलते. एकोणीस वर्षं झाली. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या दक्षिण भागात त्या तासाला प्रत्येक पार्लरमध्ये माझा आवाज असतो, कारण रविवारच्या चर्चसाठी केस करून घ्यायला सगळ्या बायका तेव्हाच खुर्चीत अडकलेल्या असतात. पळून जाणार कुठं? मी त्यांना रक्तदाब सांगते, साखर सांगते, पालेभाजीत डुकराच्या हाडाऐवजी टर्कीचा तुकडा टाका म्हणते. घामानं केस बिघडतील म्हणून चालायला न जाणाऱ्या बायका मला चांगल्या माहीत आहेत, मीही त्यातलीच होते. डॉक्टर आपलं दुखणं अर्धंच ऐकतात, तेव्हा प्रश्न कागदावर लिहून न्या, हेही मीच सांगते. आम्हा काळ्या बायकांना हे आमच्या भाषेत सांगणारं दुसरं होतं कोण?

शेवटी मी आठवड्यात गेलेल्यांची नावं वाचते, आणि तिथं माझा एक हट्ट होता. ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द मी वाचणार नाही. आमच्याकडे अंत्यविधीच्या छापील पत्रिकेत दर वेळी तेच असतं. माझी आईही अल्पशा आजाराने गेली. तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि घरातलं घरात ठेवायचं अशी शिस्त होती. अगं बायांनो, मी जीव तोडून सांगायचे, आजी कशानं गेली हे नातीला कळलंच नाही तर ती तपासणी कशाची करून घेणार? हळूहळू लोक ऐकायला लागले. नाव, वय आणि आजार, सगळं स्पष्ट लिहून पाठवायला लागले.

ओनिता माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचं पार्लर होतं. तिला साखर निघाली आणि डॉक्टरनं गोड बंद केलं, तेव्हा या बाईनं लोण्याचा केक केस वाळवायच्या यंत्राच्या टोपाखाली लपवला. कुणीतरी यंत्र चालू केलं आणि पार्लरभर घमघमाट सुटला. मी ते रेडिओवर तिखटमीठ लावून सांगितलं. बायका तिच्याच खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. पुढं सहा महिने येणारी प्रत्येक जण विचारायची, आज टोपाखाली काय भाजतंय? ओनिताही हसायची. हसतेय म्हणजे झालं, असं मला वाटलं. त्या गोष्टीमुळे किती जणींनी साखर तपासून घेतली, हे मी नाक वर करून सांगत फिरले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती पार्लरमध्येच कोसळली. छातीत गाठ होती. चौदा महिने तिनं अंगावर काढलं होतं, आणि आता कॅन्सर हाडांत पोचला होता. दवाखान्यातल्या त्या खोलीत मी तिच्यावर ओरडले. जगाला सांगून माझा घसा कोरडा पडला, आणि माझीच बहीण गप्प?

ती शांतपणे म्हणाली, “तुलाच तर कळू द्यायचं नव्हतं.”

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

“तुला कळलं म्हणजे शनिवारी गावाला कळलं. तुझ्या बायका माझ्या खुर्चीत बसून माझ्या छातीकडे बघत राहिल्या असत्या. ते मला नको होतं गं.”

मी म्हटलं, तुला न विचारता मी असं कधी सांगितलं असतं का?

“केकचं विचारलं होतंस?”

माझ्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याची शिक्षा ती भोगत होती. तिनं माझ्याकडून वचन घेतलं. पत्रिकेत ‘अल्पशा आजाराने’ छापायचं आणि रेडिओवर अवाक्षर काढायचं नाही. मी तिच्या मुलीचं, जोलेटचं काय ते विचारलं. जोलेट चौतीस वर्षांची, ह्यूस्टनला असते. तिला आईनं पाठदुखी सांगून ठेवली होती.

“तिला सांग. पण दार लावून, समोर बसून सांग. तुझ्या कार्यक्रमासारखं नको.”

अकरा आठवड्यांनी ओनिता गेली. चर्चमध्ये पत्रिका मीच वाचली. ‘अल्पशा आजाराने’ म्हटलं आणि पुढच्या रांगांतल्या बायकांचे हातपंखे हलायचे थांबले. तिच्या पार्लरमधल्या सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या.

जेवणं झाल्यावर चर्चमधल्याच मुलांच्या वर्गात दार लावून मी जोलेटला सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग तिनं पहिली गोष्ट विचारली, “मावशी, हे शनिवारी येणार का?” नाही म्हटल्यावर ती तपासणीला यायला तयार झाली.

शनिवारी माझा कार्यक्रम नेहमी ऐकणाऱ्या अर्लीनचा फोन आला, कार्यक्रम चालू असताना. त्याच्या आदल्या वर्षी माझ्याच आग्रहामुळे तिनं नवऱ्याचा कॅन्सर चारचौघांत सांगितला होता.

“तुझ्या सांगण्यावरून मी माझ्या माणसाचं सगळं उघड केलं,” ती म्हणाली. “तुझ्या बहिणीला काय झालं होतं?”

मी म्हणाले, “अल्पसा आजार, अर्लीन.”

ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी तीन नावं आली. तिन्हींत ‘अल्पशा आजाराने’ होतं. मी तसंच वाचलं.

मंगळवारी, ह्यूस्टनला परतण्याआधी, जोलेटला तपासणीला नेलं. घरात कुणाला कोणता आजार होता, याचा फॉर्म हातात दिला होता. आईच्या रकान्यात तिनं नीट अक्षरांत आजार लिहिला. त्याखाली आजीचा रकाना होता. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

ओनिताला माहीत असणार. शेवटच्या दिवसांत आमच्या आईला आंघोळ तीच घालायची, मला खोलीत येऊ देत नसे. अकरा आठवडे मी ओनिताच्या उशाशी बसले होते, आणि रोज हा प्रश्न माझ्या ओठांवर यायचा. पण विचारलं असतं तर तिला वाटलं असतं, हिला कार्यक्रमासाठी हवंय. म्हणून विचारलं नाही. जोलेटनं तो रकाना रिकामा सोडला आणि फॉर्म खिडकीत दिला.