कु. प्रमोदिनी तेलंग यांचं मत

चारशे बारा लोकांनी त्या सिनेमाबद्दल आपापलं मत लिहून ठेवलं होतं, आणि प्रमोदिनीबाई जेवण झाल्यापासून ती सगळी मतं एकामागून एक वाचत होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मोबाईल दोन्ही हातांत, आणि मधूनच एखादा हुंकार.

सिनेमाचं नाव ‘सात बजे शिमला’. पन्नासेक वर्षांपूर्वीचा, हेरांचा, पण सगळा गमतीचा मामला. कुणीतरी तो यूट्यूबवर टाकला होता. आदल्या दिवशी नात श्रावणीनं सहज विचारलं होतं की तुझ्या वेळचा कुठला सिनेमा लावून देऊ, आणि प्रमोदिनीबाईंच्या तोंडून हेच नाव निघालं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सिनेमा मात्र त्यांनी लावला नाही. खाली लोकांनी लिहिलेलं दिसलं, तेच वाचत बसल्या.

कानपूरच्या एकानं लिहिलं होतं की रोपवेवरच्या मारामारीत मागचा डोंगर नीट पाहा, वारा आला की डोंगर हलतो. दुसऱ्याला खलनायकाची पाणबुडी शिमल्याला कशी पोचली हे आजतागायत समजलेलं नव्हतं, तरी सिनेमा त्यानं अकरा वेळा पाहिला होता. एकीला तिच्या वडिलांनी सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं, वडील आता नाहीत, म्हणून ती दरवर्षी एकदा पाहते. बाकी बहुतेकांना हिरो आवडला होता. त्याचं चालणं, त्याचे केस. आणि एकानं लिहिलं होतं, हिरोईनला या सिनेमात काहीच काम नाही, नुसती शोभेला आहे.

“हे चूक आहे,” प्रमोदिनीबाई मोठ्यानं म्हणाल्या.

खाली सतरंजीवर श्रावणी कॉलेजचं जर्नल पूर्ण करत होती. तिनं मान वर केली. आजीनं एखादी गोष्ट चूक आहे असं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. “क्या गलत है, आजी?”

“ते टेलिफोनवाली पोट्टी नुसती शोभेले नाही. तिनंच तर सगळं केलं.”

“आपने देखी है?”

“एकदा. मॅटिनीले.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पेपरात आलं होतं माझं मत. फोटोसकट.”

पलीकडे दिवाणावर त्यांचे यजमान प्रल्हादराव उताणे पडले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि डॉक्टरांनी मोबाईल, टीव्ही, पेपर सगळं आठ दिवस बंद केलं होतं. ते झोपले आहेत असं समजून प्रमोदिनीबाईंनी नातीला ती गोष्ट सांगितली. अठ्ठेचाळीस वर्षांत ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

एकोणीसशे शहात्तर साल. प्रमोदिनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील शाळेत गणित शिकवत. रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात त्यांना सगळे तेलंग मास्तर म्हणत आणि ते रस्त्यानं निघाले की सायकलीवरची मुलं खाली उतरून नमस्कार करत. घरात सिनेमाला बंदी अशी नव्हती, पण वर्षातून एकदा, सगळ्यांनी मिळून, आणि देवाधर्माचा. त्या दिवशी भूगोलाचे सर आले नाहीत. राधा नावाची मैत्रीण म्हणाली चल, आणि दोघी सदर बाजारातून झपझप चालत टॉकीजमध्ये जाऊन बसल्या.

प्रमोदिनीला सिनेमा फार आवडला. शिमल्याच्या हॉटेलात टेलिफोन जोडून देणारी एक साधी मुलगी असते. दिवसभर लोकांचे आवाज ऐकून तिला आवाजावरून माणूस ओळखता येतो. खलनायक दर वेळी नवा वेश करून येतो, दाढी लावतो, पगडी घालतो, आणि हिरो दर वेळी फसतो. ती मात्र नुसत्या ‘हॅलो’वरून त्याला ओळखते. शेवटी खलनायक पकडला जातो तो तिच्यामुळे. आणि मोठा समारंभ होऊन मेडल मिळतं हिरोला.

बाहेर पडताना फाटकाशी एका हिंदी दैनिकाचा माणूस उभा होता, सोबत फोटोग्राफर. ते सिनेमा पाहून निघणाऱ्यांना मत विचारत होते. लोक ‘बढ़िया है’ म्हणून पुढे जात होते. त्यानं प्रमोदिनीला विचारलं, आणि ती थांबली. राधा हात ओढत होती तरी थांबली. आपल्याला असं कुणी काही विचारलंय हे तिला इतकं नवं होतं की तिनं नीट विचार करून उत्तर दिलं. म्हणाली, काम सगळं त्या मुलीनं केलं आणि मेडल भलत्यालाच दिलं. हिरोला इंटर्व्हलआधीच घरी पाठवला असता तर खलनायक अर्धा तास लवकर सापडला असता. मी जासूस झाले तर त्या मुलीसारखी होईन. तो माणूस हसला, तिचं नाव विचारलं, मोहल्ला विचारला. तिनं तेही सांगितलं.

रविवारी छापून आलं. फोटोत ती हसत होती. खाली लिहिलं होतं, कु. प्रमोदिनी तेलंग, ब्राह्मणपारा.

वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. मोहल्ल्यातले लोक सकाळपासून येऊन ‘मास्तर, पोरीचा फोटो पाहिला’ म्हणून सांगून जात होते, काही खरोखरच कौतुकानं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पोरांनी तिच्या धाकट्या भावाला ‘जासूस का भाई’ म्हणून हाक मारली. तेव्हा वडिलांनी तिला समोर बसवलं. सिनेमाला गेलीस याचं मला वाईट वाटलं नाही, असं ते म्हणाले. मग म्हणाले, “तुले मत कोणी विचारलं होतं?”

“त्या पेपरवाल्यानं,” ती म्हणाली.

तिला वाटलं होतं की हे खरं उत्तर आहे, म्हणून चालेल. सोमवारपासून कॉलेज बंद झालं. पंधरवड्यात महासमुंदहून एक स्थळ आलं. मुलगा वीज खात्यात नोकरीला, सालस. वैशाखात लग्न लागलं. आपल्याला पाहायला आलेल्या पहिल्याच माणसाच्या गळ्यात बाबांनी आपल्याला घाईनं बांधलं, असं प्रमोदिनीनं मनाशी धरलं. त्यात त्या माणसाचा दोष नव्हता. तो चांगलाच निघाला.

महासमुंद, जगदलपूर, मग परत रायपूर. बदल्या झाल्या, दोन मुलं झाली, आईवडील गेले. प्रमोदिनीबाईंनी कुठल्याच गोष्टीत मत दिलं नाही. साडी कोणती, तर कोणतीही. मुलीनं सायन्स घ्यावं का, तर तुम्ही म्हणाल तसं. शंकरनगरला घर बांधताना मिस्त्रीनं त्यांना विचारलं होतं की दीदी, रसोईची खिडकी कुठं काढू. पूर्वेला हवी हे त्यांना स्पष्ट कळत होतं. त्या म्हणाल्या, साहेबांना विचारा. साहेबांनी पश्चिमेला सांगितली, आणि गेली बावीस वर्षं त्या उन्हाळ्याच्या दुपारी उन्हात उभ्या राहून स्वयंपाक करत आल्या. लोक म्हणत, प्रमोदिनीबाईंसारखा शांत स्वभाव पाहिला नाही. सून विनीता मंत्रालयात नोकरी करणारी, स्पष्ट बोलणारी मुलगी. तीसुद्धा सुरुवातीची दोन वर्षं विचारून विचारून थकली आणि मग विचारायची थांबली.

“बाप रे,” गोष्ट संपल्यावर श्रावणी म्हणाली. “आजी, ये सब आपने कभी बताया ही नहीं.”

“मी वाचलं होतं ते,” दिवाणावरून आवाज आला.

दोघी वळल्या. प्रल्हादराव उठून बसले होते, चेहरा भिंतीकडे.

“महासमुंदले पेपर दुपारच्या बसनं येत होता,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांले वाचून दाखवलं होतं. इंटर्व्हलच्या आधी घरी पाठवा म्हणे हिरोले. आम्ही इतके हसलो. मग मी माझ्या मामाले चिठ्ठी टाकली, म्हटलं ही पोट्टी कोणाची आहे, जरा पाहून या.”

प्रमोदिनीबाईंना काही वेळ समजेना. मामा आपणहून आले होते ना, असं त्यांनी विचारलं. नाही, मी धाडलं होतं, प्रल्हादराव म्हणाले. मास्तरांनी मामांना एकच अट घातली होती की सिनेमाचा विषय घरात कधी काढायचा नाही, पोरीला त्याची लाज आहे. प्रल्हादरावांनी शब्द दिला आणि तो पाळला. पुढे मास्तर वारले. पण तोवर इतकी वर्षं झाली होती, की आता काय काढायचं, असं त्यांना वाटलं.

श्रावणीला हे सगळं फार गोड वाटलं. ती टाळी वाजवायच्या बेतात होती, पण आजीच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. प्रमोदिनीबाई उठल्या आणि आत जाऊन तांदूळ धुऊ लागल्या. पहिल्यांदा त्यांना आतून ऊब वाटली होती, हे खरं. आपण शिक्षा म्हणून या घरात आलो नव्हतो, कुणीतरी आपलं बोलणं ऐकून आपल्याला मागून घेतलं होतं. पण तांदळाचं पाणी तिसऱ्यांदा ओतताना ती ऊब गेली आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं. रात्री त्या नेहमीसारख्या सगळ्यांना वाढून जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रावणी कॉलेजला गेली होती. प्रमोदिनीबाई प्रल्हादरावांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला आल्या. एक थेंब पडला, प्रल्हादरावांनी पापणी मिटली, आणि त्या म्हणाल्या, “माझं मत आवडलं म्हणून मले मागून आणलं ना तुम्ही?”

“हव.”

“मग त्यानंतर एकदाही काहून नाही विचारलं?”

“मी विचारत होतो. तू म्हणे, तुम्ही म्हणाल तसं.”

“सुरुवातीले नाही विचारलं. महासमुंदले असताना. तिथं कॉलेज होतं. माझी दोनच वर्षं तर राहिली होती.”

“तू काही म्हटलं नाही.”

“मले भेव वाटत होतं. तुम्हाले कायचं भेव होतं?”

प्रल्हादराव म्हणाले, “कायचंच नाही. माझ्या मनातच नाही आलं.” औषधाचा ओघळ कानाकडे जात होता, तो त्यांनी पुसला नाही. “चुकलंच ते.”

प्रमोदिनीबाईंनी पदराच्या टोकानं तो ओघळ टिपला. बाटलीला झाकण लावलं. ‘जाऊ द्या आता’ हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. आयुष्यभर अशा वेळी त्या हेच म्हणत आल्या होत्या. आज त्यांनी ते म्हटले नाहीत, आणि प्रल्हादरावांनीही त्यांची वाट पाहिली नाही.

संध्याकाळी श्रावणी परत आल्यावर त्यांनी तिच्याकडून मोबाईलवर देवनागरी कसं लिहायचं ते शिकून घेतलं. मैं टाइप कर देती हूं, असं ती म्हणत होती, त्यांनी नको म्हटलं. एका बोटानं लिहायला त्यांना पाऊण तास लागला. हिंदीतच लिहिलं, कारण ज्याला उत्तर द्यायचं होतं त्यानं हिंदीत लिहिलं होतं. हिरोईन शोभेला नाही, हे त्यांनी तीन प्रसंग देऊन दाखवून दिलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. श्रावणी म्हणाली की यहां कोई असली नाम नहीं लिखता. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, मी लिहिते.

सकाळी त्या माणसाचं उत्तर आलेलं होतं. आंटीजी, ध्यान से देखिए, उसने सिर्फ़ फ़ोन उठाया था. त्या वेळी विनीता डबा भरत होती, तिला श्रावणीनं ते वाचून दाखवलं. अशा लोकांच्या नादी लागू नका, विनीता काळजीनं म्हणाली. प्रमोदिनीबाईंनी मान हलवली. पण तो नीट पाहा म्हणून राहिला आहे तर पाहायला पाहिजे, एवढंच म्हणाल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी सिनेमा लावला. आवाज ऐकून प्रल्हादरावांनी विचारलं, मीही ऐकू का. म्हणाले, तुझं मत वाचलं होतं, सिनेमा काही मी पाहिला नाही. महासमुंदला आलाच नाही तो. प्रमोदिनीबाईंनी खुर्ची दिवाणाजवळ ओढली.

बोलण्याचे प्रसंग त्यांना ऐकून कळत होते. पण मधेच नुसतं संगीत वाजू लागलं की ते अडत आणि विचारत, आता काय होऊन राहिलं. सुरुवातीला प्रमोदिनीबाई थोडक्यात सांगत होत्या. पायऱ्या चढतो आहे. दार उघडलं. मग त्यांना वाटलं, एवढ्यानं कसं कळेल. त्या मुलीच्या समोर भिंतभर भोकं आहेत आणि तिच्या हातांत दोऱ्या, जिथं दिवा लागेल तिथं ती दोरी लावते. आता एक दिवा लागला. ती कानाला लावून ऐकते आहे, आणि बघा, तिचा हात मधेच थांबला. तिला कळलं. अजून कोणाला नाही कळलं, हिरो खाली सरबत पिऊन राहिला आहे. हा दिग्दर्शक हुशार आहे, त्याला माहीत आहे कोण काम करून राहिलं. पण त्यानं शेवटी कच खाल्ली. माझं म्हणणं असं आहे की...

विनीता त्या दिवशी ऑफिसातून लवकर आली. स्कूटर लावून, हातात हेल्मेट घेऊन ती ओट्याच्या पायऱ्या चढली, आणि आतून सासूबाईंचा आवाज ऐकून जाळीच्या दाराशी थबकली. कुणी पाहुणे आले असावेत असं तिला वाटलं. तिनं जाळीतून पाहिलं. पाहुणे नव्हते. मोबाईलमधला सिनेमा थांबलेला होता, सासरे काळा चष्मा लावून मान किंचित वाकडी करून ऐकत होते, आणि सासूबाई न थांबता बोलत होत्या. विनीतानं कडीला लावलेला हात काढून घेतला. चपला हळूच पायातून सोडवल्या आणि ती पायरीवर बसून राहिली.