शुक्रवारची आम्रपाली

चाकणच्या ज्या कंपनीत सनी गाड्यांना दरवाजे बसवतो, तिथे फर्मान निघालं: प्रत्येकानं मोबाइलवर कंपनीचं नवं ॲप घ्यायचं आणि जुन्या कॅलेंडरमधलं सगळं त्यात ओढायचं.

"माझं खासगीपण?" सनीनं विचारलं.

"तुला कुठनं आलंय खासगी?" सुपरवायझर हिंदुराव म्हणाले आणि बटण त्यांनीच दाबलं.

खासगी एकच होतं. गुरुवारी सकाळी अकरा, पुनावळ्यातला कॅफे, आम्रपाली. दोन्हीकडच्या आयांनी महिन्यापूर्वी ठरवलेलं: आधी पोरांनी एकमेकांना बघावं, तोवर फोनाफोनी नको. फिरत्या शिफ्टमुळे सनीला कुठला वार उगवला आणि कुठला मावळला, काही कळायचं नाही. म्हणून त्यानं तारीख कॅलेंडरच्या हवाली केली होती.

आता कंपनीची सुट्टी गुरुवारी. ॲपनं बघितलं, सुट्टीच्या दिवशी काम पडलंय. त्यानं ते इमानदारीत शुक्रवारी सरकवलं. गुरुवारी सनी नाइट करून आला आणि मेल्यासारखा झोपला. शुक्रवार बघून त्याला शंका आली नाही असं नाही. पण ॲपमध्ये ते हिरव्या अक्षरांत होतं, आणि सनीचा स्वतःपेक्षा हिरव्या अक्षरांवर विश्वास.

शुक्रवारी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून तो कॅफेत बसला. बसूनच राहिला. शेवटी आईकडून नंबर घेऊन त्यानं फोन लावला.

"मी सनी. कॅफेत आहे."

"मी काल होते," आम्रपाली म्हणाली. "रजा काढून. दोन कोल्ड कॉफ्या प्यायले. तिसरी वेटरनं फुकट दिली, कीव येऊन."

सनीनं ॲपचं सगळं रडगाणं गायलं.

"ते ॲप मीच टेस्ट केलंय," ती म्हणाली. ती माण गावातल्या एका आयटी कंपनीत होती.

"म्हणजे चूक तुमचीच!"

"चूक नाहीये. सुट्टीतलं काम पुढच्या दिवशी ढकलायचं, असंच ठरलंय. बरोबर चालतंय ते."

"पण तुम्ही काम नाही ना!"

"मग कामांत कशाला टाकलंत?"

याचं उत्तर हिंदुराव होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"येत्या गुरुवारी भेटू या?"

"मला रविवारी सुट्टी असते."

"रविवारी मला ड्यूटी."

"मग रजा काढा."

"आजच काढली."

"मी काल काढली होती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी आईकडे नकार आला. कारण: पोरगं वेळेचं पक्कं नाही. नोकरीला लागल्यापासून गेटवर एकदाही लेटमार्क न खाल्लेला सनी भिंतीकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तो ती नोंद पुसायला गेला, तर ॲपनं ओढताना भेट दर आठवड्याची करून ठेवलेली. दर शुक्रवारी अकराला आम्रपाली, पुनावळे. पुसायचा हक्क फक्त सुपरवायझरला.

"साहेब, एवढं पुसा."

हिंदुरावांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "पुसायला वरनं परवानगी लागती. ऱ्हाऊ दे की राव. दुसरी कोण आली, तर नाव बदलू."

पुढच्या शुक्रवारी अकराला लाइन जोरात चालू असताना सनीच्या खिशात फोन थरथरायला लागला. दोन्ही हातांत गाडीचा दरवाजा होता. फोन आपला आपण थांबेपर्यंत तो धरून उभा राहिला.